श्रीमंतांवरचा कर आणि दाराची किल्ली



आजचा विषय तसा लांबचा आहे, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा. आधी एक गोंधळ दूर करतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन वेगळी आणि हे राज्य वेगळे. हे राज्य पार पश्चिमेला, पॅसिफिक महासागराच्या काठी. सिअॅटल हे त्याचे मोठे शहर. मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन इथलेच. रेडमंड, बेलव्ह्यू या गावांत संध्याकाळी फिरायला बाहेर पडलात, तर मराठी कानावर पडते. आमची लेक आणि जावईही तिथलेच झाले आहेत.

या राज्यात आयकर नाही. म्हणजे केंद्र सरकारचा आयकर सगळ्यांना आहेच, पण राज्याचा वेगळा आयकर, जो अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असतो, तो इथे नाही. गेल्या डिसेंबरमध्ये तिथले राज्यपाल बॉब फर्ग्युसन यांनी जाहीर केले की वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा जास्त मिळवणाऱ्यांवर ९.९ टक्के आयकर लावायला त्यांचा पाठिंबा आहे. १० लाख डॉलर म्हणजे आपले साधारण नऊ कोटी रुपये. कर पूर्ण उत्पन्नावर नाही, त्या मर्यादेच्या वरच्या भागावर. कोणी १२ लाख डॉलर मिळवले, तर वरच्या २ लाखांवर १९,८०० डॉलर. राज्यातल्या अर्ध्या टक्क्याहून कमी लोकांना तो लागेल, असे सांगितले जाते.

हे बोलतोय ते जानेवारी २०२६ मध्ये. प्रस्ताव विधिमंडळापुढे येतो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे. मी नऊ कोटी मिळवत नाही आणि मिळवण्याची शक्यताही नाही. लेक-जावईही त्या मर्यादेच्या जवळपास नाहीत. मग मला काय पडले आहे? ते सांगण्याआधी, लेकीने मला जे विचारले ते सांगतो.

लेकीचा प्रश्न

आमची लेक तिकडे सरकारी शाळेत शिकवते. विशेष गरजा असलेल्या मुलांचा वर्ग तिच्याकडे आहे. मदतनीस कमी, मुले जास्त. परवा व्हिडिओ कॉलवर हा विषय निघाला. मी आपला जोरात बोलत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, तुमचा सगळा पगार करातूनच आला ना? पेन्शनही त्यातूनच येते. माझे शिक्षण आर्मी स्कूलमध्ये झाले. मग माझ्या वर्गातल्या मुलांसाठी कोणी नऊ कोटींच्या वरचे थोडे दिले, तर तुमचे काय बिघडते?"

तीस वर्षांहून जास्त गणवेश घातलेल्या माणसाला याचे उत्तर चटकन देता येत नाही. मी म्हटले, "दोन दिवस दे." हा भाग म्हणजे त्या दोन दिवसांचा अभ्यास आहे.

समोरच्या बाजूचे म्हणणे आधी

लष्करात शिकवतात की शत्रूची बाजू आधी त्याच्या नकाशावरून बघा. इथे शत्रू कोणी नाही, पण पद्धत तीच ठेवतो.

वॉशिंग्टन राज्याची तिजोरी मुख्यतः विक्रीकरावर, धंद्याच्या उलाढालीवरच्या करावर आणि मालमत्ता करावर चालते. सिअॅटलमध्ये वस्तू घ्यायला गेलात तर विक्रीकर १० टक्क्यांहून जास्त आहे. किराणा मालाला सूट आहे, पण बूट, भांडी, फर्निचर यांवर तो आहेच. कमी पगाराचा माणूस मिळालेले सगळेच खर्च करतो, म्हणून त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा करात जातो. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा थोडाच भाग खर्च करतो, त्यामुळे त्याचा हिस्सा लहान राहतो. अमेरिकेतल्या सर्वात उलट्या करपद्धतींत या राज्याचे नाव बरीच वर्षे घेतले गेले आहे. हे म्हणणे खरे आहे. मी ते नाकारत नाही.

या बाजूने बोललेला एक माणूस मला मनापासून आवडतो. बिल गेट्स यांचे वडील, बिल गेट्स सीनियर. पेशाने वकील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करात होते आणि परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून शिकले. करातूनच शिकले म्हणा ना! २०१० मध्ये श्रीमंतांवरच्या आयकराचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा त्याचा प्रचार यांनीच केला. एका जाहिरातीत हे वयोवृद्ध गृहस्थ जत्रेतल्या पाण्याच्या टाकीवर बसले आणि धपकन पाण्यात पडले. श्रीमंतांना जरा भिजवू या, असा त्याचा अर्थ. अशा माणसाला स्वार्थी कोण म्हणेल?

तरीही तो प्रस्ताव पडला. जवळपास ६४ टक्के लोकांनी विरोधात मत दिले. त्यात श्रीमंत फार थोडे होते. ज्यांना एक डॉलरही भरायचा नव्हता, त्यांनीच तो पाडला. का? इथून माझा मुद्दा सुरू होतो.

२०१० मध्ये लोकांना काय दिसले

तो प्रस्ताव असा होता: एकट्या माणसाच्या २ लाख डॉलरवरच्या आणि जोडप्याच्या ४ लाखांवरच्या उत्पन्नावर ५ टक्के. त्याच्याही वर, म्हणजे एकट्याच्या ५ लाखांवर आणि जोडप्याच्या १० लाखांवर ९ टक्के. बदल्यात राज्याचा मालमत्ता कर २० टक्क्यांनी कमी. पैसा शिक्षण आणि आरोग्यासाठी.

शिवाय प्रस्तावातच लिहिले होते की लोकांचे मत घेतल्याशिवाय हे दर वाढवले जाणार नाहीत. वाचायला फार छान. पण त्या राज्याच्या संविधानात एक नियम आहे. लोकांनी मतदानाने केलेला कायदा पहिली दोन वर्षे बदलायचा तर विधिमंडळात दोन तृतीयांश मते लागतात. दोन वर्षांनंतर साधे बहुमत पुरते. म्हणजे "लोकांना विचारल्याशिवाय वाढवणार नाही" हे वाक्यसुद्धा दोन वर्षांनंतर साध्या बहुमताने खोडता आले असते. लोकांनी हा बारीक मजकूर वाचला. कर आज दुसऱ्यावर आहे, पण दाराची किल्ली आपल्याकडे नाही, हे त्यांना कळले.

असा इतिहास त्या राज्यात जुना आहे. १९३२ मध्ये मंदीच्या काळात लोकांनी चढत्या दराचा आयकर सुमारे ७० टक्के मतांनी मंजूर केला होता. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. उत्पन्न ही मालमत्ता आहे आणि संविधानाप्रमाणे एकाच वर्गातल्या मालमत्तेवर समान दरानेच कर लावता येतो, असा तो निकाल. नंतर १९३४ पासून २०१० पर्यंत आयकराचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा मतदारांपुढे आले आणि प्रत्येक वेळी पडले.

आता अलीकडचे. मार्च २०२४ मध्ये लोकांच्या सह्यांनी आलेला एक प्रस्ताव तिथल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. त्याचा आशय एवढाच होता की या राज्यात वैयक्तिक उत्पन्नावर आयकर लावायचा नाही. तो कायदा झाला. त्याला दोन वर्षे पुरी होण्याआधीच राज्यपाल आयकराला पाठिंबा देत आहेत. त्यांनी काही बेकायदेशीर केलेले नाही, कायदा बदलण्याचा अधिकार विधिमंडळाला आहेच. पण "आयकर लावणार नाही" हा कायदा जर एवढ्या लवकर बदलायला निघतो, तर "१० लाखांच्या खाली लावणार नाही" हा किती दिवस टिकेल?

मेसमधला एक ठराव

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. मी तरुण कॅप्टन होतो. युनिटमध्ये मेस सेक्रेटरीचे काम माझ्याकडे होते. मेसचे फर्निचर जुने झाले होते आणि युनिटचा मोठा वर्धापनदिन तोंडावर आला होता. बैठकीत ठरले की मेजर आणि वरच्या अधिकाऱ्यांनी दोन वर्षे दरमहा जादा वर्गणी द्यायची. आम्ही लहान अधिकारी खूश! आमच्या खिशाला चाट नाही आणि नवीन सोफा बसायला. ठरावात "तात्पुरती" हा शब्द मी स्वतः लिहिला होता.

वर्धापनदिन झाला. सोफेही आले. दोन वर्षांनंतर मी तिथेच होतो. नवीन बैठक झाली. छत गळत होते, कारण अगदी खरे होते. वर्गणीचे नाव बदलले आणि ती सगळ्या अधिकाऱ्यांना लागू झाली, कालच आलेल्या लेफ्टनंटलासुद्धा. एका लेफ्टनंटने मला विचारले, "सर, ही तर तात्पुरती होती ना?" मी त्याला जुना ठराव काढून दाखवला. त्यावर सही माझीच. पण नवीन ठरावापुढे जुन्या ठरावाला काय किंमत?

कोणी फसवले नव्हते. सगळे चांगले अधिकारी होते. एकदा वर्गणी कापायची व्यवस्था तयार झाली की पुढची गरज तिच्याकडेच वळते, एवढेच मी त्यातून शिकलो.

आपल्याकडचे दोन अनुभव

तुम्ही म्हणाल, मेसच्या सोफ्यावरून राज्याचा कारभार कसा ठरवता? ठीक आहे, आपल्या देशाचेच बघू.

२०१३ च्या अर्थसंकल्पात १ कोटी रुपयांहून जास्त करपात्र उत्पन्न असलेल्यांवर १० टक्के अधिभार लावला गेला. अशी माणसे देशात ४२,८०० आहेत, असे त्या वेळी लोकसभेत सांगितले गेले. आणि हा अधिभार फक्त एका वर्षासाठी आहे, असेही सांगितले गेले. पुढे काय झाले? २०१५ मध्ये तो १२ टक्के झाला. २०१६ मध्ये १५ टक्के. २०१७ मध्ये मर्यादा खाली आली आणि ५० लाखांवरच्या उत्पन्नालाही १० टक्के लागला. २०१९ मध्ये ५ कोटींच्या वर ३७ टक्के. मध्ये सरकार बदलले, पक्ष बदलला, तरी अधिभार राहिला. नवीन करप्रणालीत २०२३ पासून त्याची वरची मर्यादा २५ टक्क्यांवर आणली, हेही खरे. पण ते "एक वर्ष" अजून संपलेले नाही.

दुसरा अनुभव याच्या अगदी उलट आहे. पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर नावाची छोटी कपात तुम्ही पाहिली असेल. हा राज्य सरकारचा कर. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये आणला, तेव्हा रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा त्यामागचा उद्देश होता. गणवेशात असताना महाराष्ट्रातल्या पोस्टिंगवर हा कर आम्हाला नव्हता. निवृत्तीनंतर नोकरी धरली आणि मग तो कापला जाऊ लागला. आता गंमत बघा. हा कर एका माणसाला वर्षाला २,५०० रुपयांहून जास्त लावता येत नाही. का? कारण ती मर्यादा संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्ये लिहिलेली आहे. आधी ती २५० रुपये होती. १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून २,५०० केली. त्यानंतर किती सरकारे आली आणि गेली, किती राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या, पण २,५०० चे २,५०१ झाले नाहीत.

एकच देश, तीच माणसे, तीच पैशाची गरज. एका ठिकाणी शब्द भाषणात दिला होता, दुसऱ्या ठिकाणी तो संविधानात लिहिला होता. फरक तिथेच पडला.

अमेरिकेतही हेच दिसते. न्यू जर्सी राज्याने १९७६ मध्ये आयकर आणला तो २ आणि २.५ टक्क्यांनी, मालमत्ता कराचा भार हलका करू असे सांगून. आज तिथला सर्वात वरचा दर १०.७५ टक्के आहे आणि मालमत्ता कर देशातल्या सर्वात जास्त करांमध्ये मोडतो. केंद्राचा आयकर १९१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा सामान्य कुटुंबाला तो लागतच नव्हता. १९३९ मध्ये सुमारे ४० लाख लोक तो भरत होते. १९४५ मध्ये ४ कोटींहून जास्त. महायुद्ध होते, कारण खरे होते. कारण नेहमी खरेच असते, मंडळी. म्हणून तर कोणाला नाही म्हणता येत नाही.

पेन्शनवाल्या माणसाचा मुद्दा

आता लेकीच्या प्रश्नाकडे येतो. होय, मी करावर जगलो आणि जगतो आहे. म्हणूनच मला एक गोष्ट नीट माहीत आहे. करातून चालणाऱ्या कामाला पैसा जितका जास्त, तितका बरा. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दर महिन्याला यायला हवा. माझी पेन्शन महिनाअखेर खात्यात येते. त्या महिन्यात शेअर बाजार पडला म्हणून ती अर्धी येत नाही.

अगदी वरच्या माणसांचे उत्पन्न पगारासारखे नसते. शेअर विकले, कंपनी विकली, बोनस मिळाला, असे ते येते. एका वर्षी डोंगर, दुसऱ्या वर्षी दरी. कॅलिफोर्निया राज्य अशाच उत्पन्नावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या राज्यपालांनी ९७ अब्ज डॉलरहून जास्त शिल्लक जाहीर केली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनीच २२ अब्जांहून जास्त तूट सांगितली. मध्ये फक्त आठ महिने! वॉशिंग्टनमध्येही २०२१ मध्ये शेअर वगैरेंच्या मोठ्या नफ्यावर ७ टक्के कर आला. पहिल्या वर्षी जेवढा जमला, त्याच्या निम्म्याच्या आसपासच पुढच्या वर्षी जमला.

म्हणून लेकीला मी म्हटले, "तुझ्या वर्गातली मदतनीस जर अशा पैशावर नेमली, तर बाजार पडेल त्या वर्षी पहिली नोटीस तिलाच जाईल. आणि एकदा नेमलेले लोक काढणे जड जाते, म्हणून सरकार तूट भरायला दुसरीकडे बघेल. दुसरीकडे म्हणजे कोणाकडे? १० लाखांच्या खाली कोण राहते? तू."

शाळांना पैसा मिळूच शकत नाही असेही नाही. त्याच राज्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सुनावले की शिक्षणाला पुरेसा पैसा देणे हे तुमचे घटनात्मक कर्तव्य आहे. पुढे तर रोज एक लाख डॉलर दंड लावला. शेवटी विधिमंडळाने आयकर न आणता, मुख्यतः राज्याचा मालमत्ता कर वाढवून तो पैसा उभा केला. दोन वर्षांचे राज्याचे अंदाजपत्रक दहा वर्षांपूर्वी ३८ अब्ज डॉलर होते, आता ७८ अब्जांच्या आसपास आहे. महागाई आणि लोकसंख्या वाढली, हे धरूनही वाढ मोठी आहे. तेव्हा आधी हे विचारायला हवे की एवढ्या पैशात विशेष मुलांच्या वर्गाला मदतनीस का मिळत नाही.

जे मी म्हणत नाही

एक युक्तिवाद मी वापरणार नाही. श्रीमंत पळून जातील, हा. अॅमेझॉनचे जेफ बेझोस २०२३ मध्ये सिअॅटल सोडून मायामीला गेले, हे सगळे सांगतात. त्यांनी स्वतः कारण सांगितले ते आईवडिलांचे आणि कामाचे. माणसाच्या मनातले मी कशाला सांगू? शिवाय मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२३ पासून १० लाख डॉलरच्या वर ४ टक्के जादा कर आहे आणि तिथे अंदाजापेक्षा जास्त पैसा जमला आहे. हेही मान्य करायला हवे.

पण मॅसॅच्युसेट्सने हे कसे केले ते बघा. त्यांनी आधी लोकांना विचारले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदान घेतले आणि दर, मर्यादा, मर्यादेची महागाईप्रमाणे वाढ, पैसा कुठे वापरायचा, हे सगळे राज्याच्या संविधानात लिहिले. आता ती मर्यादा १० लाखांवरून ५ लाखांवर आणायची तर पुन्हा लोकांपुढे जावे लागेल. दार उघडले, पण किल्ली लोकांच्या हातात ठेवली.

वॉशिंग्टनमध्येही तो रस्ता आहे. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते मिळवा, मग लोकांचे बहुमत घ्या आणि मर्यादा संविधानात लिहा. कठीण आहे, वेळ लागेल. पण तसे केले तर माझा निम्मा विरोध त्याच दिवशी संपेल. उरलेला निम्मा बेभरवशाच्या पैशाबद्दलचा आहे आणि त्यावर चांगली राखीव ठेव हा उपाय निघू शकतो. साध्या कायद्याने मात्र नको.

आपणही हीच सवय लावून घेऊ या. कुठलाही नवीन कर, अधिभार, अगदी सोसायटीचा जादा मेंटेनन्स फंडसुद्धा समोर आला, की "कोणाला भरायचा आहे" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याच्या पुढचा प्रश्न विचारा: ही मर्यादा उद्या कोण बदलू शकतो आणि तेव्हा मला विचारले जाईल का?

दोन दिवसांनी हे सगळे लेकीला सांगितले. तिने ऐकले आणि म्हणाली, "बाबा, तुमचे दाराचे पटले. पण माझ्या वर्गात सोमवारी मुले येणार आहेत, संविधान बदलेपर्यंत ती थांबणार नाहीत." मत तिला आहे, मला नाही. ती काय करेल ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पण विधेयकाचा मसुदा ती स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचणार आहे, एवढे तिने कबूल केले. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.